डोईवरचं फडकं आणि गेटावरचा शिपाई

मागल्या महिन्यात आपल्या अभ्यासवर्गात एक साथी उठला आणि म्हणाला, "बुरख्यावर बंदी आलीच पाहिजे. बाबासाहेबांनी पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा." टाळ्या पडल्या. त्याच्यामागून दुसरा उठला. म्हणाला, "आजच्या घडीला बुरखा हाच विद्रोहाचा झेंडा आहे." त्यालाही टाळ्या पडल्या. वाजवणारे हात बहुतेक तेच होते. मी नाइट मारून आलेलो, भिंतीला पाठ लावून पेंगत होतो. टाळ्यांनी जाग आली. बघितलं तर पंचवीसेक पोरं आणि बाई एकही नाही. दोघी येतात आपल्याकडं, त्या बाहेर चहाचं बघत होत्या.

म्हणून हे लिहितोय. दोस्तहो, शिव्या घालायच्या तर घाला, पण पुरतं वाचून घाला.

मी गोदीत कंत्राटी मजूर. इंदिरा डॉकात बोटीवरनं स्टीलच्या कॉइली उतरवतो. शिक्षण दहावी, आपल्या बापांच्या भाषेत मॅट्रिक. कविता करतो हे गोदीत कुणाला सांगत नाही. माझी आई नन लोकांच्या एका शाळेत वीस वर्षं लाद्या पुसत होती. आणि आमच्या चाळीत खालच्या मजल्यावर एक कोकणी मुसलमान कुटुंब राहतं, रत्नागिरीकडचं. त्यांची पोरगी माझ्या बहिणीबरोबर दहावी झाली. नाव देत नाही. नाव दिलं की उद्या तिला कुठल्या ना कुठल्या दारात वेगळं काढतील. आज ती घरात बसलीय. का बसलीय ते पुढं सांगतो. आधी फडक्याचं बघू.

आईच्या शाळेतल्या सिस्टरांच्या डोक्यावर पांढरं कापड असायचं. केस दिसायचे नाहीत, कान दिसायचे नाहीत. आई त्यांना देवमाणसं म्हणायची. या बाया कुणाच्या जुलमाखाली आहेत असं तिला कधी वाटलं नाही, आणि पोराच्या ॲडमिशनसाठी पहाटेपासून रांगेत उभ्या राहणाऱ्या हिंदू शेठजींनाही वाटलं नाही. एकानंही गेटवर उभं राहून म्हटलं नाही, की बाई, आधी डोक्यावरचं काढा, मग आमच्या पोरांना शिकवा. मदर तेरेसांना १९८० साली भारतरत्न मिळालं. डोक्यावरून घेतलेला तो निळ्या काठाचा पांढरा पदर. त्यात सगळ्यांना करुणाच दिसली.

आता खालच्या मजल्यावरची पोरगी काळं फडकं घेऊन लोकलमध्ये चढते. झाकलेले केस तेच, कान तेच. पण डब्यातल्या नजरा फिरतात. कुणाला तिच्यात बॉम्ब दिसतो, कुणाला चार सवती दिसतात, आणि जो स्वतःला पुरोगामी म्हणवतो त्याला बिचारी गुलाम दिसते. तिच्या हातात अकरावीचं अकाउंट्सचं पुस्तक असतं ते कुणालाच दिसत नाही. सिस्टरचं फडकं तिनं स्वतः निवडलेलं आणि हिचं मात्र बापानं लादलेलं, हे या लोकांना कुणी सांगितलं? एकीला तरी विचारलं का? लहानपणीच आईबापांनी कॉन्व्हेंटला वाहिलेल्या पोरी नसतात काय? आणि बापाशी भांडून हिजाब घेणाऱ्या नसतात काय?

पण म्हणून पांढऱ्या फडक्याला सगळीकडं मान आहे असंही समजू नका. २५ जुलै २०२५ ला छत्तीसगडात दुर्ग स्टेशनावर केरळच्या दोन ननना पोलिसांनी धरलं. बरोबर आदिवासी पोरी होत्या, आग्र्याला कामावर निघालेल्या. बजरंग दलवाल्यांनी गलका केला. धर्मांतर आणि माणसं पळवण्याचे आरोप ठेवले. आठवडाभर त्या बाया आत होत्या, २ ऑगस्टला जामीन झाला. फडकं तेच. शेठच्या पोराला इंग्रजी शिकवतं तोवर ती सेवा, आणि आदिवासी पोरीच्या शेजारी जाऊन बसलं की गुन्हा. म्हणजे बघणारा कापड बघतच नाही. ते कुणाच्या डोक्यावर आहे आणि ते डोकं कुणाच्या बाजूला बसलंय, एवढंच बघतो.

पोथ्यांचंही थोडं सांगतो, कारण आपल्यातले अर्धे लोक न वाचता बोलतात. बायबलात करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय काढा. पौल तिथं सांगतो की पुरुष देवाची प्रतिमा, त्यानं डोकं झाकू नये; बाई पुरुषाचं वैभव, तिनं प्रार्थना करताना झाकावं; झाकत नसेल तर केस कापून टाकावेत. याहून उघड काय बोलायचं? रोमन कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मकायद्यात बाईनं चर्चमध्ये डोकं झाकावं असा नियमच होता. १९८३ च्या नव्या कायद्यात तो राहिला नाही. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनं १९६५ साली ननच्या पोशाखालाही काळाप्रमाणं बदलायची वाट करून दिली, आणि आपल्याकडं कित्येक सिस्टर आज साध्या साडीत फिरतात. रविवारी माझगाव-भायखळ्याच्या कुठल्याही चर्चमध्ये डोकावा, म्हाताऱ्या सोडल्या तर बहुतेक डोकी उघडी. धर्म बुडाला नाही. आणि हे व्हायला कुणी पोलीस पाठवून चर्चच्या दारात बायांची फडकी ओढली नव्हती.

कुराणात चोविसाव्या सुरेत बाईला ओढणी छातीवर घ्यायला सांगितलंय. पण त्याच्या आधीच्या आयतीत पुरुषाला सांगितलंय, नजर खाली ठेव. आधी पुरुषाला, मग बाईला. ही आधीची आयत नाक्यावरच्या किती भाईंना पाठ आहे, विचारून बघा. तोंड झाकायचं की नुसतं डोकं, यावर मौलवींचं आपसात आजही पटलेलं नाही. खालच्या मजल्यावरच्या पोरीची आजी जन्मभर लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन हिंडली. काळा बुरखा त्या घरात आला तो तिच्या आईच्या वेळेस. म्हणजे सनातन बिनातन काही नाही. चाळीतल्या नळासारखाच तोही एका वर्षी आला.

आणि हा फडक्याचा धंदा या दोन्ही धर्मांहून जुना आहे. आजच्या इराकच्या उत्तरेला असिरिया नावाचं राज्य होतं. तिथल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या विटांवर कायदा कोरलेला सापडलाय. मालकांच्या बायकापोरींनी रस्त्यावर डोकं झाकायचं. वेश्येनं आणि गुलाम पोरीनं झाकायचं नाही. झाकलेली वेश्या सापडली तर पन्नास फटके आणि डोक्यावर डांबर. गुलाम पोरीनं झाकलं तर तिचे कान कापायचे. हे वाचलं तेव्हा माझेच कान गरम झाले. कारण ही आपली गोष्ट आहे. कुणी झाकायचं आणि कुणी उघडं राहायचं हे मालक ठरवणार. झाकणं हा एकीवर हुकूम, उघडं राहणं हा दुसरीवर हुकूम.

त्रावणकोरात काय झालं? नाडार बायांनी वरच्या जातींपुढं छाती झाकायची नाही असा रिवाज. त्यातल्या काही जणी ख्रिस्ती झाल्या, मिशनऱ्यांच्या सांगण्यावरून झंपर घालायला लागल्या. बाजारात त्यांचे कपडे फाडले, घरं जाळली. चाळीस-पन्नास वर्षं हा लढा चालला. शेवटी २६ जुलै १८५९ ला राजानं जाहीरनामा काढला की नाडार बायांनी झाकायला हरकत नाही, पण वरच्या जातीच्या बायांसारखं नाही झाकायचं! बघा, देतानाही बामणी कावा सुटला नाही. ही हकीकत नववीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात होती. २०१९ साली तो धडा काढून टाकला. तिथल्या त्या बाईला अंगावर कापड घेतलं म्हणून मारलं, आज हिला डोक्यावर कापड घेतलं म्हणून गेटाबाहेर काढतात.

आता बाबासाहेब. आपल्या साथीचं म्हणणं खोटं नाही. पाकिस्तानवरच्या ग्रंथात त्यांनी पडद्यावर कोरडे ओढलेत. पडद्यानं बाईचं शरीर खंगतं, मन खुंटतं, ती समाजातून तोडली जाते, असं ते सांगतात. त्यात बुरख्याचं कौतुक शोधणाऱ्यानं शोधू नये, मिळणार नाही. पण त्यांचा राग कशावर आहे ते नीट वाचा की. बाई कोंडली जाते यावर आहे. तिला जग दिसत नाही यावर आहे. मग मला सांगा, कॉलेजच्या दारातून पोरीला परत फिरवणारा आणि कायमची चार भिंतींत घालणारा नियम म्हणजे काय? तोच पडदा. कापडाचा बुरखा काढायला लावून विटांचा घालायचा. बाबासाहेबांचं नाव घेऊन हे करणार?

१९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळली. त्यानंतर बाबासाहेब बायांशी वेगळे बोलले. लुगडं नेसायची तुमची तऱ्हा ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका, वरच्या जातीच्या बायांसारखं नेसा, अंगावर ढीगभर कथील-चांदी घालू नका, पोरींना शिकवा. बायांनी नेसण बदललं. तेही कपड्याचंच बोलणं होतं. पण बोलणारा त्यांचा होता, बदलणारे हात त्यांचे होते, आणि न बदलणारीला परिषदेच्या मांडवाबाहेर काढायला शिपाई ठेवलेला नव्हता. आपल्या आज्यांनी ती नेसण स्वतः सोडली. हिसकून घेतली असती तर मरेपर्यंत घट्ट धरून बसल्या असत्या. मला माझी आजी माहिती आहे.

कर्नाटकात काय झालं ते सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं, आणि विसरले. २०२२ च्या जानेवारीत उडुपीच्या सरकारी कॉलेजातल्या पोरी वर्गाबाहेर. फेब्रुवारीच्या सुरुवातीला कुंदापूरच्या कॉलेजात प्राचार्यांनी पोरींच्या तोंडावर फाटक लावलं. ५ फेब्रुवारीला सरकारचा हुकूम. १५ मार्चला हायकोर्ट म्हणालं, हिजाब हा इस्लामचा अत्यावश्यक भाग नाही. १३ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टात दोन न्यायमूर्तींचे दोन निकाल. त्यांतले न्यायमूर्ती धुलिया यांनी विचारलं की शाळा नाकारून आपण या मुलीचं आयुष्य काही बरं करतोय काय? अत्यावश्यक आहे का नाही यावर पानंच्या पानं, आणि मला या निकालांमधला हाच एक प्रश्न माणसासारखा वाटतो. चिकमगळूरच्या कॉलेजात त्याच दिवसांत भगव्या उपरण्यांच्या समोर आपली पोरं निळी उपरणी घालून उभी राहिली, मुसलमान पोरींच्या बाजूनं, "जय भीम" म्हणत. ते पाहून मी रडलो, खोटं सांगत नाही. त्या पोरांना बुरख्याचं प्रेम आलं नव्हतं. त्यांना बंद फाटक ओळखीचं वाटलं.

आणि आपल्या मुंबईत? चेंबूरच्या एका कॉलेजानं हिजाब, नकाब, टोपी, सगळ्याला बंदी केली. धर्म उघड होऊ नये म्हणे. हायकोर्टानं २६ जून २०२४ ला पोरींचा अर्ज फेटाळला. ९ ऑगस्टला सुप्रीम कोर्टानं हिजाब-टोपीवरच्या बंदीला स्थगिती दिली. वर्गात बुरखा मात्र नाही म्हणाले. न्यायमूर्तींनी कॉलेजला विचारलं की नावावरून धर्म कळत नाही का? टिळा, टिकली लावणाऱ्यांना अडवाल का? मी ते वाचून हसलो. साहेब, आडनावाचंही विचारायचं होतं. आमच्या डोक्यावर काही नसतं, तरी हजेरीच्या पहिल्या दिवशी अख्ख्या वर्गाला आमचं सगळं कळतं. आडनावाचा बुरखा कुठल्या झेरॉक्सच्या दुकानात काढून ठेवायचा?

ननही यातून सुटली नाही. २०१५ साली डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला कॉपी रोखायची म्हणून डोक्यावर कापड नको असा नियम केला. सुप्रीम कोर्ट म्हणालं, एका दिवसानं श्रद्धा नाहीशी होत नाही. दुसऱ्या दिवशी, २५ जुलैला, तिरुवनंतपुरमला एक नन परीक्षेला आली. तिला सांगितलं, फडकं आणि क्रूस काढ. ती परीक्षा न देता परत गेली. तेव्हा मुसलमान पोरगी आणि ख्रिस्ती नन एकाच गेटाबाहेर होत्या. वाटलं असतं, आता या दोघी एकमेकींना ओळखतील. दहा वर्षं गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोचीच्या पल्लुरुथीतल्या एका ख्रिस्ती शाळेत आठवीतल्या मुसलमान पोरीला हिजाब घालून बसू देईनात. प्राचार्य कोण? नन. डोक्यावर फडकं घेतलेली नन पोरीला सांगते, तुझ्या डोक्यावरचं गणवेशात बसत नाही. केरळच्या शिक्षणमंत्र्यांनीही त्यावर बोट ठेवलं. मी आईला हे वाचून दाखवलं. आईचा सिस्टरांवर जीव. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मोठ्या बाईला एक कायदा आन् पोरीला एक." आणि भांडी घासायला लागली.

आता झेंडावाल्या साथीकडं वळतो. तू बुरख्याला झेंडा म्हणालास. झेंडा काठीला असतो. बाईला काठी समजू नकोस. इराणात रेझा शाहनं १९३६ च्या जानेवारीत हुकूम काढला की बाईनं डोकं झाकायचं नाही. पोलिसांनी रस्त्यात चादरी ओढल्या. कित्येक बाया घराबाहेरच पडेनाशा झाल्या. मग १९७९ ला क्रांती झाली. ८ मार्चला तेहरानच्या रस्त्यावर हजारो बाया उतरल्या, आता उलटा हुकूम नको म्हणून. यातल्या कित्येकींनी शाहविरुद्धच्या मोर्चात हौसेनं चादर घेतली होती, झेंडा म्हणून! तो झेंडा चार वर्षांत कायदा झाला. १९८३ च्या कायद्यात उघड्या डोक्याला चौऱ्याहत्तरपर्यंत फटके. १६ सप्टेंबर २०२२ ला महसा अमिनी नावाची बावीस वर्षांची कुर्द पोरगी पोलिसांच्या ताब्यात असताना मेली, हिजाब नीट नव्हता म्हणून धरलेली. तिथल्या पोरींनी फडकी जाळली. कुंदापूरची पोरगी फडकं धरून उभी राहिली, तेहरानची जाळून उभी राहिली. मला दोघींत भांडण दिसत नाही. ज्याला दिसतं त्यानं शिपायाच्या बाजूनं उभं राहून बघितलंय.

आणि काबूल? तिथं पोरी नखशिखांत झाकलेल्या. तरी तालिबाननं २०२१ पासून सहावीच्या पुढची शाळा बंद केली, डिसेंबर २०२२ ला विद्यापीठंही. इथं झाकलंय म्हणून बंद, तिथं झाकलं तरी बंद.

बाहेरच्यांचं पुष्कळ झालं. आता घरचं. आपल्याकडं १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी विधानभवनावर मोर्चा आणला. तोंडी तलाकविरुद्ध. मुसलमान बाया किती होत्या? सात. सात जणी, पण त्या स्वतःच्या पायांनी आल्या होत्या, कुणाचं गेट ओलांडून आल्या होत्या. त्यांच्याबद्दल आपल्या वर्गात कधी कुणी बोललं? आपल्याला मुसलमान बाई एक तर कोर्टाच्या निकालात हवी, नाही तर पोस्टरवर हवी. चहाच्या किटलीपाशीही तिला जागा नाही.

तर ती खालच्या मजल्यावरची पोरगी. उपनगरातल्या एका कॉलेजात अकरावीला होती. आधी नियम आला की गेटाच्या आत बुरखा नको. ती समोरच्या झेरॉक्सवाल्याच्या मागच्या खोलीत बुरखा काढायची, पिशवीत घालायची, डोक्याला ओढणी बांधून आत जायची. पहिल्यांदा तो काही घ्यायचा नाही. मग दहा रुपये घ्यायला लागला. मग खोलीच्या दाराची कडी निघाली ती त्यानं परत बसवलीच नाही. मग ओढणीही नको अशी दुसरी नोटीस लागली. घरी भाऊ म्हणाला, उघड्या डोक्यानं जायचं नाही. कॉलेज म्हणालं, झाकल्या डोक्यानं यायचं नाही. दोन पुरुषांचं, न भेटता, एकदम पटलं.

भाऊ माझ्याच गँगमध्ये आहे. मी त्याला जेवणाच्या सुट्टीत पकडलं. म्हटलं, तुझ्या हट्टापायी तिचं वर्ष गेलं. तो डबा खात होता. मान वर न करता म्हणाला, "तुझी बहीण टी-शर्टवर नळावर आली तेव्हा तू चारचौघांत तिला काय बोललास? मी तिथंच होतो." होता तो तिथं. आणि मी बोललो होतो, ओढणी घे म्हणून, शिवी घालून. महाडचं सगळं पाठ असलेला मी. विद्रोही कवी मी. पुढं काय बोलणार?

रात्री बहिणीची माफी मागितली. ती म्हणाली, "बरं, आता जेव." बस.

तिच्याच मध्यस्थीनं खालच्या पोरीनं आता बारावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, बाहेरून बसायला. कागद नेऊन द्यायला मीच गेलो होतो. परत आल्यावर म्हटलं, तुझ्यावर कविता लिहितोय. ती जिन्यात उभी होती, डोक्यावर ओढणी, हातात पीठ. म्हणाली, "माझ्यावर नको लिहूस. परीक्षेच्या दिवशी गेटवर अडवलं तर कोण बोलेल तेवढं बघ. भाई येणार नाही म्हणतो."

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी माझी फर्स्ट शिफ्ट पडतेय. खाडा केला तर रोज बुडतो आणि मुकादम पुढच्या आठवड्यात बोलवत नाही. बदलीला कुणी मिळतंय का बघतोय. वर्गातल्या त्या दोघा साथींनाही विचारलंय. एकाचा अजून फोन आलेला नाही. दुसरा म्हणाला, त्या दिवशी आपली मिटिंग आहे ना?